जुन्या गाडीच्या वायरिंगचा लपंडाव : दोष शोधण्याची रीत

बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे चालते दुकान असते. सावनेरहून एक रस्ता केळवदवरून पांढुर्णा, मुलताई, बैतूलकडे जातो आणि दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. नागपूरच्या गांधीबाग आणि इतवारीतून थान उचलायचे, सावनेरला उतरवायचे आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी खापा, केळवद, पाटणसावंगी किंवा पलीकडे मध्यप्रदेशातील गावच्या बाजाराला न्यायचे, हा आपल्यापैकी अनेकांचा रोजचा क्रम आहे. सकाळी दुकान मांडायला एक तास उशीर झाला तर चांगली जागा जाते आणि सकाळचे गिऱ्हाईकही जाते. आठवड्याचा बाजार पुन्हा आठ दिवसांनीच भरतो, त्यामुळे ते नुकसान दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही.

या कामासाठी बहुतेकांकडे जुनीच गाडी असते, आणि त्यात मारुतीच्या व्हॅनचा नंबर वरचा. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ पासून तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वयाने मोठीच आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, मागे भरपूर जागा आणि दुरुस्ती सोपी, म्हणून व्यापाऱ्याला ती सोडवत नाही. इंजिन, गिअर, ब्रेक यांचे काम करणारा मिस्त्री सगळीकडे मिळतो. डोकेदुखी होते ती विजेच्या लपंडावाची. गाडी आज चालते, उद्या बंद पडते, परवा पुन्हा आपोआप चालू होते. मिस्त्रीकडे नेली की ठणठणीत असते आणि घाटात गेली की दगा देते.

या लेखात अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाचा माग कसा काढावा याची रीत दिली आहे. सगळे काम स्वतःच्या हाताने करावे असा आग्रह नाही. पण रीत माहीत असली तर मिस्त्रीला नेमके काय सांगायचे ते कळते आणि विनाकारण भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

मर्ज कुठे आणि दवा कुठे

आमच्या ओळखीतील एका होजिअरी व्यापाऱ्याची व्हॅन कधीकधी सेल्फ घेत नसे. चावी फिरवली की नुसता ‘टक्‌’ आवाज. प्रथम बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. नंतर सेल्फ खोलून कार्बन आणि बुश टाकले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर अल्टरनेटर बदलला. शेवटी एका वयस्क लाइटवाल्याने इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी काढून दाखवली. तिच्या थिंबलखाली गंज चढला होता आणि पट्टीचे निम्मे तार तुटले होते. पॉलिश पेपर, एक नट आणि एक नवी पट्टी एवढ्यावर काम झाले. तोपर्यंत तीन चांगले भाग भंगारात गेले होते.

हा प्रसंग अपवाद नाही. एखादा भाग पूर्ण जळाला तर तो सहसा कायमचा बंद पडतो आणि सापडतोही लवकर. जो दोष येतो आणि जातो, तो बहुतेक वेळा भागात नसून जोडात असतो. ढिला नट, गंजलेले थिंबल, हिरवा पडलेला कपलर, आतून तुटलेली आणि बाहेरून साबूत दिसणारी वायर, किंवा चावीच्या स्विचचे झिजलेले पॉईंट. गरमीने, धक्क्याने किंवा ओलाव्याने तो जोड सुटतो आणि थंड झाला, वाळला किंवा हलला की पुन्हा बसतो. उन्हाने तापून बंद पडणारे काही भाग आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल. पण शोधाची सुरुवात जोडापासूनच करावी.

म्हणून पहिला नियम : आधी मोजा, मग बदला.

मीटर १२ वोल्ट दाखवते, तरी सेल्फ का फिरत नाही?

हा प्रश्न समजला की निम्मे काम झाले. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. जेवढा अडथळा जास्त, तेवढा करंट कमी. आणि ज्या अडथळ्यातून करंट वाहतो तिथे वोल्ट खर्च होतात.

हिशेब करून पाहू. लहान गाडीचा सेल्फ ढोबळमानाने १०० अँपिअर करंट ओढतो. १२ वोल्टला १०० ने भागले तर त्या सर्किटचा अडथळा निघतो फक्त ०.१२ ओहम. आता वाटेतील एका गंजलेल्या जोडाने तेवढाच, म्हणजे ०.१२ ओहम अडथळा वाढवला असे धरा. एकूण झाले ०.२४ ओहम. करंट १०० वरून ५० अँपिअरवर आला. १२ पैकी ६ वोल्ट त्या जोडातच खर्च झाले आणि सेल्फला उरले ६. सेल्फ फिरणार नाही, फक्त ‘टक्‌’ करील.

तोच जोड हेडलाइटच्या वाटेत असता तर काय झाले असते? ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर घेतात. जोडात साधारण १ वोल्ट जाईल. लाइट थोडी पिवळी पडेल, पण लागेल. आणि ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब असता तर? त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. जोडात जातील एका वोल्टचे ५ शतांश. काहीच फरक दिसणार नाही.

मीटर तर त्या लहान बल्बापेक्षाही कितीतरी कमी करंट घेते. म्हणून खराब जोडाच्या पलीकडेही ते आरामात १२ वोल्ट दाखवते आणि माणूस फसतो. थान घडी घातलेले असताना निर्दोष दिसते. उलगडून उजेडावर धरले आणि ताण दिला की विरलेली जागा कळते. वायरिंगचेही तसेच आहे. भार टाकल्याशिवाय जोडाची परीक्षा होत नाही. हा दुसरा नियम.

वरच्या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. जोडात ६ वोल्ट आणि ५० अँपिअर म्हणजे ३०० वॅट उष्णता एका नटाएवढ्या जागेत तयार होते. सोल्डरिंगचे साधे हत्यार २५ वॅटचे असते, यावरून अंदाज करा. म्हणून सेल्फ मारल्यानंतर सगळे मोठे जोड एकेक करून हाताने जपून चाचपावेत. जो गरम लागतो तोच दोषी.

सुरुवात वहीपासून

दुकानाची वही आपण रोज लिहितो. गाडीसाठीही चार पाने ठेवावीत. दोष दिसला की त्याच वेळी पुढील गोष्टी टिपाव्यात :

१) तारीख, वेळ आणि जागा.
२) इंजिन थंड होते की गरम? गाडी किती वेळ चालली होती?
३) ऊन, पाऊस, की गाडी नुकतीच धुतलेली?
४) रस्ता सपाट, खड्ड्यांचा, की चढाचा?
५) त्या वेळी लाइट, वायपर, पंखा, टेप यांपैकी काय चालू होते?
६) काय बंद पडले आणि काय चालू राहिले?
७) पुन्हा कसे चालू झाले? थांबल्याने, हलवल्याने, की आपोआप?

यातील सहावा मुद्दा सर्वात मोलाचा. गाडी बंद पडताच घाबरून दार उघडून खाली उतरू नका. गाडी कडेला घेतल्यावर हॉर्न दाबून पाहा, हेडलाइट लावा, इंडिकेटर आणि वायपर चालवा. दोन मिनिटांत दोषाचा मोहल्ला कळतो. घर नंतर शोधता येते.

लक्षणावरून मोहल्ला ओळखणे

सगळेच एकदम गेले, हॉर्न आणि आतील दिवासुद्धा : बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज, किंवा बॅटरीपासून बॉडीकडे जाणारी अर्थिंग.

हॉर्न आणि हेडलाइट चालू, पण चावीवर चालणारे सर्व, म्हणजे मीटर, वायपर, इंडिकेटर आणि इंजिन बंद : चावीचा स्विच किंवा त्याचा कपलर. आपल्या व्यापाऱ्यांमध्ये हा दोष विशेष आढळतो, कारण दुकानाच्या शटरच्या, गोदामाच्या आणि तिजोरीच्या चाव्या एकाच गुच्छात गाडीच्या चावीला लटकलेल्या असतात. ते वजन खड्ड्या-खड्ड्याला स्विचला ओढते आणि आतील पॉईंट झिजतात. गाडीची चावी वेगळी ठेवावी. यात काहीच खर्च नाही.

एकच वस्तू बंद : तिचा स्वतःचा फ्यूज, रिले, स्विच, कपलर आणि अर्थिंग, याच क्रमाने.

ब्रेक दाबला की पार्किंग मंद होते, इंडिकेटर दिला की दुसराच दिवा लुकलुकतो : मागच्या दिव्याची अर्थिंग सुटली आहे. करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बातून उलट्या मार्गाने परत जातो.

सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची किंवा दुसरी एखादी केबल गरम होते : इंजिन आणि बॉडीमधील अर्थिंगची पट्टी गेली आहे. मोठा करंट त्या केबलमधून वाट काढतो. हे लगेच दुरुस्त करावे. केबल वितळून अडकली तर चालत्या गाडीत धोका आहे.

पाऊस पडला किंवा गाडी धुतली की मिसफायर : प्लगच्या जाड वायरी, डिस्ट्रीब्यूटरचे झाकण, किंवा ओला कपलर. रात्री अंधारात बॉनेट किंवा सीट उचलून इंजिन चालू ठेवून दुरून पाहिले, तर वायरीवरून उडणाऱ्या निळ्या ठिणग्या दिसतात. त्या वायरींना हात लावू नये.

तासभर चालल्यावर बंद, वीस-तीस मिनिटे थांबल्यावर चालू : इग्निशन कॉइल, डिस्ट्रीब्यूटरमधील पिकअप किंवा मॉड्यूल, आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा रिले. हे भाग तापले की आतील बारीक तार किंवा टाका सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. मात्र याची तपासणी गाडी बंद असतानाच व्हायला हवी. थंड झाल्यावर मिस्त्रीकडे नेली तर त्याला काहीच सापडणार नाही, आणि दोष त्याचा नाही.

दार उघड-बंद करताना, सीट सरकवताना किंवा स्टिअरिंग फिरवताना दोष : तिथे रोज वळणारी वायर आतून तुटली आहे. वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा. तुटलेल्या जागी वरचे प्लास्टिक रबरासारखे ताणले जाते.

आपल्या भागाची खास कारणे

सावनेरभोवती कोळशाच्या खाणी आहेत. सावनेर, पाटणसावंगी, सिल्लेवाडा या बाजूला रोज फिरणाऱ्या गाडीच्या कपलरमध्ये आणि फ्यूज बॉक्समध्ये बारीक काळी धूळ बसते. उन्हाळ्यात तिचा फारसा त्रास नाही. पहिला पाऊस आला की ती ओल धरून ठेवते आणि पितळी पिना हिरव्या पडू लागतात. म्हणून पावसाळ्याआधी एकदा फ्यूज आणि कपलर काढून साफ करून घ्यावेत.

दुसरे कारण आपला उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना इंजिनजवळच्या वायरींना त्याहून पुष्कळ जास्त उष्णता सोसावी लागते. जुने प्लास्टिक कडक होऊन तडकते आणि आतील तांबे उघडे पडते. ओम्नीमध्ये इंजिन सीटखाली बंदिस्त असल्याने तिथल्या वायरी दरवर्षी नीट पाहाव्यात.

तिसरे कारण उंदीर. कापडाच्या किंवा धान्याच्या गोदामाजवळ रात्री उभी असलेली गाडी त्यांना उबदार घर वाटते. वायरीवर दातांच्या खुणा, लेंड्या, चिंध्या दिसल्या तर आधी पूर्ण लूम तपासावा. एक वायर कुरतडलेली सापडली म्हणून थांबू नये, शेजारच्या दोन असतातच.

चौथे कारण आपणच. टेप बसवला, संगीताचा हॉर्न लावला, जास्त प्रकाशाचे बल्ब टाकले, गॅसचे किट बसवले. आणि प्रत्येक वेळी मूळ वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी पट्टी गुंडाळली. उन्हात त्या पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी सुटते, पीळ ढिला होतो. जुन्या गाडीत दोष शोधताना कंपनीच्या वायरिंगआधी नंतर जोडलेल्या वायरींवर संशय घ्यावा.

तपासणीची पायरी-पायरीने रीत

सामान थोडेच लागते : काही शे रुपयांत मिळणारे साधे डिजिटल मल्टिमीटर, दोन वायरी लावलेला ५ वॅटचा बल्ब, पॉलिश पेपर, पाने आणि वॅसलीन.

पायरी १ : बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन बंद असताना १२.६ वोल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. गेली तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावे, कारण रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी यांत फरक आहे.

पायरी २ : चार्जिंग. इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ वोल्ट मिळाले पाहिजेत. हेडलाइट, पंखा, वायपर सगळे लावून थोडी रेस दिल्यावरही १३.५ च्या आसपास टिकले पाहिजेत. न टिकल्यास पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन आणि त्याचे जोड पाहावेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे. तो बल्ब आणि बॅटरी दोन्ही खाईल.

पायरी ३ : टर्मिनल. आधी निगेटिव्ह काढावे, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलटा क्रम. पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. पॉलिश पेपरने चकचकीत करून, घट्ट बसवून मग वॅसलीन लावावे. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट आणि ठिणगी नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

पायरी ४ : भाराखाली जोडाची परीक्षा. हीच खरी चाचणी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये अशी व्यवस्था मिस्त्रीकडून करून घ्यावी. इंजेक्शनच्या गाडीत त्यासाठी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी. दुसऱ्याने दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. मीटरने ०.२ वोल्टच्या आसपास दाखवले तर अर्थिंग उत्तम. अर्ध्या वोल्टच्या वर गेले तर त्या वाटेत दोष नक्की आहे. मग पिन एकेक जोड पुढे सरकवत जावे. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे वोल्ट दिसतील तोच चोर. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फची मोठी खुंटी यांमध्येही असेच मोजावे. इथेही अर्ध्या वोल्टच्या आत असावे. हेडलाइट, पंखा, हॉर्न यांची परीक्षाही ती वस्तू चालू ठेवून याच रीतीने होते.

पायरी ५ : हलवून पाहणे. दोष सध्या दिसत नसेल तर त्याला बोलवावे लागते. इंजिन मंद चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून हात व बाह्या दूर ठेवून, वायरींचा लूम थोडा-थोडा हलवावा, कपलर दाबावेत, रिलेवर बोटाने टिचकी मारावी. गरमीचा संशय असल्यास कॉइल किंवा रिलेला हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी. ओलीचा संशय असल्यास फवाऱ्याच्या बाटलीने किंचित पाणी मारावे. हाताच्या ज्या हालचालीने दोष आला तिथेच थांबावे आणि ती जागा खोलावी.

पायरी ६ : पहारेकरी दिवा. चालत्या गाडीत दोष येत असेल तर ही युक्ती उत्तम. ५ वॅटच्या बल्बची एक वायर एका लहान फ्यूजमधून संशयित वाटेला जोडावी, उदाहरणार्थ इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हला किंवा पेट्रोल पंपाच्या रिलेच्या बाहेर जाणाऱ्या वायरीला. दुसरी वायर अर्थिंगला द्यावी. दिवा डॅशबोर्डवर ठेवून नेहमीच्या रस्त्याने जावे आणि त्याच्याकडे लक्ष सोबत्याने द्यावे, चालवणाऱ्याने नव्हे. इंजिन बंद पडताना दिवाही गेला, तर मागून करंट येणे थांबले : चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा वायर. दिवा लागलेला राहिला आणि इंजिन गेले, तर करंट तिथपर्यंत पोहोचत होता : दोष पुढे, म्हणजे कॉइल, पंप, किंवा त्यांच्या अर्थिंगमध्ये. एका फेरीत अर्धे संशयित सुटतात.

हा दिवा इंजेक्शनच्या गाडीतील सेन्सर आणि कंप्युटरच्या बारीक वायरींना कधीही लावू नये. एअरबॅगच्या, सहसा पिवळ्या आवरणाच्या वायरींना तर मीटरही लावू नये.

पायरी ७ : एका वेळी एकच बदल. आज रिले बदलला तर आठ दिवस दुसरे काही बदलू नये. वहीत नोंद करावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कधीच कळत नाही.

रिलेची परीक्षा

रिले म्हणजे मुनीम. लहान करंटचा हुकूम घेऊन तो मोठ्या करंटचे काम करतो. साध्या चार पिनच्या रिलेवर बहुधा नंबर छापलेले असतात : ३० वर बॅटरीकडून करंट येतो, ८७ मधून वस्तूकडे जातो आणि ८५ व ८६ या आतील गुंडाळीच्या दोन टोकांच्या पिना. रिले ‘टक्‌’ वाजला म्हणजे गुंडाळी चांगली आहे एवढेच सिद्ध होते, आतील पॉईंट जळालेले असू शकतात. गाडीतीलच त्याच जातीचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, काढून त्या जागी लावून पाहावा. काही न विकत घेता निकाल लागतो.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

गाडी चालते छान, पण दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नाही. अशा वेळी बॅटरी बदलण्याआधी गळती मोजावी. सगळे बंद करून, दाराचा स्विच दाबलेला ठेवून, बॅटरीचे निगेटिव्ह काढून तिथे मीटर १० अँपिअरच्या जागेवर मालिकेत जोडावे आणि अर्धा तास थांबावे. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असल्यास एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडला त्या वाटेत गळती. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर अल्टरनेटरच्या आतील डायोडवर संशय घ्यावा. मीटर असे जोडलेले असताना चावी फिरवू नये. सेल्फचा करंट मीटर जाळून टाकील.

हिशेब साधा आहे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आणि अर्धा अँपिअर गळती म्हणजे ७० तासांत, तीन दिवसांच्या आत, बॅटरी रिकामी. सेल्फ तर त्याच्या पुष्कळ आधीच थांबेल. टेपची वायर चुकीच्या जागी जोडणे किंवा आतील दिवा न विझणे एवढ्यानेही हे घडते.

फ्यूजशी खेळ नको

फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ ऐवजी ३० अँपिअरचा टाकणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, हा घरात आग बोलावण्याचा प्रकार आहे. वायरीतील उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. फ्यूज वाचला, पण आता वायर जळणार, आणि मागे सुती-नायलॉनचे गठ्ठे भरलेले आहेत. कापड भरलेल्या गाडीला आग लागली तर फक्त गाडी जात नाही, हंगामाचे भांडवल जाते आणि जीवही धोक्यात येतो. उडणारा फ्यूज ही तक्रार नसून खबर आहे. ज्या वाटेने ती आली ती वाट शोधावी.

जळका वास आला तर गाडी थांबवून चावी बंद करावी, माणसे आधी उतरवावीत आणि शक्य असल्यास बॅटरीची वायर सोडवावी. बॉनेटमधून किंवा सीटखालून धूर निघत असेल तर झाकण एकदम उघडू नये. हवा मिळताच ज्वाळा भडकते. छोटे अग्निशामक गाडीत असावेच. गॅस किटच्या वायरिंगला अधिकृत मिस्त्रीखेरीज कोणी हात लावू नये.

तुटलेली वायर जोडताना जुन्याइतक्याच जाडीची वायर घ्यावी, सोल्डर करून किंवा चांगले थिंबल दाबून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसता पीळ आणि पट्टी म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला दोष.

जुनी गाडी घेताना

वरील रीत खरेदीच्या वेळीही कामी येते. विकणाऱ्याला सांगावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड सेल्फ खरे बोलतो. सगळे दिवे, वायपर, पंखा एकदम लावून मीटरने चार्जिंग पाहावे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेले आकडे आणि प्रत्यक्ष फ्यूज जुळतात का ते पाहावे. मोठे फ्यूज म्हणजे लपवलेला आजार. रंगीबेरंगी पट्ट्या, कापलेली टोके, गालिच्याखाली वाळलेला चिखल, सीटच्या रुळांवर गंज आणि कपलरमध्ये हिरवा थर एकत्र दिसले, तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. अशा गाडीचा विजेचा दोष सहसा संपत नाही. सौदा सोडून द्यावा.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी आरटीओकडून नव्याने करून घ्यावी लागते आणि तेव्हा गाडी दाखवावी लागते. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर हे सर्व त्या वेळी चालू हवे. म्हणून नोंदणी किती वर्षांची शिल्लक आहे ते कागदावर पाहूनच भाव ठरवावा.

आणि गाडी विकायची वेळ आपल्यावर आली, तर ती वही घेणाऱ्याच्या हातात द्यावी. कापडात डाग असेल तर आपण तो गिऱ्हाइकाला दाखवून भाव कमी करतो. गाडीच्या बाबतीतही तोच कायदा लागू आहे. दोष लपवून मिळालेले चार पैसे खरे, पण रात्री सिल्लेवानीच्या घाटात त्या गाडीत कोणाचे तरी बायको-मुले बसलेली असतील, हे ध्यानात ठेवावे.

थोडक्यात, दोष कधी, कुठे आणि कशासोबत येतो ते वहीत लिहावे. चालू राहिलेल्या आणि बंद पडलेल्या वस्तूंवरून मोहल्ला ओळखावा. भार टाकून जोड मोजावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुढच्या बाजाराच्या आधी एखादी मोकळी दुपार काढून टर्मिनल, दोन अर्थिंग आणि फ्यूज बॉक्स एवढे तरी साफ करून घ्या. जुन्या गाडीच्या लपंडावापैकी बराच भाग तिथेच संपतो.